एचओ स्केलच्या (१:८७) मॉडेल मालडब्यांना कोणते डिटेल पार्ट्स लावण्यासारखे आहेत?

तुमच्याकडे साधे ४० फुटी बॉक्सकार (बंद मालडबे) बरेच आहेत, थोडे हॉपर (खालून रिकामे होणारे डबे) आहेत, लेआउट अमेरिकेतला आणि काळ १९५६ चा. पार्ट्सचे कॅटलॉग चाळून डोकं गरगरायला लागलंय, तर नेमकं काय घ्यावं, असा तुमचा प्रश्न.

माझी कसोटी एकच. खऱ्या डब्यावर ज्या भागाच्या आरपार उजेड दिसतो, तो भाग बदलावा. बाकीचं साच्यातून जसं आलंय तसं बहुतेक वेळा खपून जातं. दाराचे रिव्हेट, टोकाच्या भिंतीवरच्या पन्हळी, छपराचे पत्रे हे सगळं प्लास्टिकच्या साच्यात छान उतरतं. जिथे मागे मोकळी हवा हवी, तिथे मात्र साचा हात टेकतो.

या हिशोबाने पहिला नंबर चार कोपऱ्यांखालच्या पायऱ्यांचा, म्हणजे स्टिरपचा. स्वस्त किटमध्ये त्या जाडजूड असतात, कारण पातळ प्लास्टिक साच्यातून धड निघत नाही आणि निघालं तरी पहिल्या हाताळणीत मोडतं. ए-लाइन कंपनीच्या धातूच्या पायऱ्या वेगवेगळ्या आकारांत मिळतात. आपल्या डब्याचा फोटो समोर ठेवून आकार निवडा, जुनी पायरी कापा, भोकं पाडा, चिकटवा. कमी कष्टात एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच पार्टने पडत नाही.

दुसरं छपरावरचं रनिंग बोर्ड, म्हणजे चालायची फळी. लेआउटवर आपण डबे वरूनच बघतो, त्यामुळे ते सतत नजरेत असतं. तुमच्या काळात सगळ्या बॉक्सकारवर ते हवंच. नव्या बॉक्सकारवरून ते वगळायचा नियम १९६६ चा. प्रश्न एवढाच की लाकडी की लोखंडी जाळीचं? १९४० च्या दशकाच्या मध्यापासून नव्या डब्यांवर जाळीचं येऊ लागलं. म्हणजे पुलमन-स्टँडर्डचा पीएस-१, जो १९४७ पासून बनत होता, त्याला जाळीचं, आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डब्याला बहुधा लाकडी. लाकडी फळ्या प्लास्टिकच्या ठेवल्या तरी चालतात, कारण त्यांच्यातून उजेड येतच नाही. जाळीला मात्र प्लानो कंपनीसारखी एच केलेली (आम्लाने कोरलेली) धातूची पट्टी घ्या. चिकटवताना साधा सुपरग्लू नको. धातू आणि प्लास्टिक तापमानाबरोबर सारखे प्रसरण पावत नाहीत, मग पट्टी मधेच उचलली जाते. थोडा लवचीक राहणारा कॅनपी ग्लू बरा.

ब्रेक व्हील, म्हणजे हाताने ब्रेक लावायचं चाक, छोटंसं, पण आरे पातळ हवेत. एजॅक्स, इक्विप्को, मायनर अशा निरनिराळ्या कंपन्यांची चाकं खरोखरच वेगळी दिसत, आणि मॉडेलचे पार्ट्स बनवणारी केडी ती वेगवेगळी विकते. स्वस्तात मस्त काम.

आता ग्रॅब आयर्न, म्हणजे चढायच्या दांड्या. इथे लोक सगळ्यात जास्त पैसे आणि त्याहून जास्त संध्याकाळी घालवतात. डबा बिनरंगी किटमधला असेल तर जरूर बदला. कारखान्यातून रंगवून, अक्षरं छापून आलेला असेल आणि दांड्या भिंतीतच घडवलेल्या असतील, तर माझं स्पष्ट मत: हात लावू नका. तासताना आजूबाजूचे रिव्हेट जातात, रंग जातो, मग अक्षरंही नव्याने लावावी लागतात, आणि एका दांडीपायी अख्खा डबा परत रंगवायला बसता.

बदलायच्याच असतील तर टिची कंपनीच्या १८ इंची (खऱ्या डब्याच्या मापाने) तयार दांड्या घ्या. त्यांची तार ०.०१२५ इंचाची, भोकासाठी ८० नंबरचं ड्रिल, म्हणजे साधारण ०.३४ मिमी. ही तारसुद्धा स्केलने मोजली तर जाडच आहे: खरी दांडी बहुधा पाऊण इंच किंवा त्याहून बारीक, ही एक इंचाच्या वर भरते. तरी ती गोल आहे आणि मागे सावली पडते, ते पुरतं. खऱ्या डब्यावर दांडी आणि भिंत यांच्यात किमान २ इंच, शक्यतो अडीच इंच जागा ठेवायचा नियम होता. म्हणून दांडी बसवताना मागे पाऊण मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची पट्टी धरा, दांडी तिला टेकेपर्यंत दाबा, डब्याच्या आतून सुपरग्लूचा थेंब सोडा, मग पट्टी काढा. सगळ्या दांड्या एका रेषेत दिसतात. एखादीच पुढे आली तर डोळा नेमका तिथेच जातो.

डब्याच्या पोटाखालचं ब्रेकचं साहित्य बॉक्सकारला फारसं दिसत नाही. सिलिंडर, टाकी आणि व्हॉल्व्ह हे तिन्ही तुकडे बाजूच्या पट्टीखाली लोंबताना दिसले की झालं. पण ते तीन असायला हवेत, कारण १९३३ पासूनची एबी ही हवेच्या ब्रेकची पद्धत तशी होती. त्याआधीच्या के पद्धतीत बहुधा सगळं एका तुकड्यात असे, आणि तसे डबे १९५३ नंतर एका रेल्वेकडून दुसरीकडे जाऊ शकत नव्हते. तुमच्या १९५६ मध्ये के ब्रेक दिसला तर जाणकार लगेच पकडतील. सळ्या आणि लिव्हर बॉक्सकारला वगळा; १८ इंच त्रिज्येच्या वळणावर बोगी फिरताना त्यांनाच अडकते. हॉपरची गोष्ट उलटी. तिथे एका टोकाच्या उतारपत्र्याखाली सगळं उघड्यावर असतं आणि तिथून आरपार दिसतं, म्हणून तिथे सळ्यांसकट लावा.

हे सगळं करण्याआधी चाकं धातूची आहेत ना, ते बघा. तुमच्या काळातल्या ५० आणि ७० टनी डब्यांना ३३ इंची चाकं. ३६ इंची नंतरच्या १०० टनी डब्यांची. वजनही बघा. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेच्या शिफारशीनुसार १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे ४० फुटी डब्याला जवळपास १०६ ग्रॅम. सारखा रुळावरून घसरणारा डबा सुंदर असून काय उपयोग?

कपलरमध्ये, म्हणजे डबे जोडायच्या आकड्यांत, केडी १५८ चं डोकं ५ नंबरपेक्षा लहान आणि खऱ्याच्या जवळचं आहे, आणि दोन्ही एकमेकांत नीट अडकतात, त्यामुळे सगळे एकदम बदलायची घाई नाही. कट लिव्हर (कपलर सोडवायच्या दांड्या) तारेचे छान दिसतात, पण डबा उचलताना बोटात अडकून वाकतात. चालत्या गाडीत मी लावत नाही. एअर होज, म्हणजे ब्रेकच्या हवेच्या नळ्या, घ्यायच्या का, ते डबे एकमेकांपासून कसे सोडता यावर आहे. हाताने, काडी घालून सोडत असाल तर कपलरखालची वाकडी दांडी कापा आणि रबरी होज लावा. प्लास्टिकचे काडीच्या धक्क्याने तुटतात. चुंबकाने सोडत असाल तर ती दांडी लागणारच, आणि तीच होजसारखी दिसते, तेव्हा वेगळे होज घेऊ नका.