रफ पक्कं तर चित्र पक्कं : वाचकांचे प्रश्न, चित्रकार ताईंची उत्तरं

मुलांची पुस्तकं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं अशी कामं फ्रीलान्स करणाऱ्या एका चित्रकार ताईंसाठी आपण मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. त्यातले काही प्रश्न आणि ताईंच्याच शब्दांत उत्तरं.

ताई, गोष्ट हातात आली की तुम्ही लगेच चित्र काढायला बसता का? (नाशिक)

लगेच नाही हो. आधी पेन्सिल बाजूला ठेवून नुसती वाचते, मग मोठ्याने वाचते, कारण लहान मुलांचं पुस्तक घरात कुणीतरी मोठ्यानेच वाचून दाखवणार असतं आणि वाचताना जिथे आपसूक थांबावंसं वाटतं तिथे बहुतेक वेळा पान उलटायची जागा असते. ती जागा सापडली की अर्धं काम झालं असं मी मानते.

मग रफ, म्हणजे कच्चं चित्र. एका कागदावर छोटे छोटे चौकोन आखायचे आणि त्यात नाक-डोळे काही नाही, फक्त गडद कुठे, उजेड कुठे, मोठा आकार कुठे आणि मजकुराला मोकळी जागा कुठे एवढंच बघायचं. मुलांची पुस्तकं बरेचदा २४ किंवा ३२ पानांची का असतात असं पुष्कळ जण विचारतात, तर मोठा कागद छापून त्याच्या घड्या घालतात ना, त्यामुळे पानं चारच्या, आठच्या पटीतच येतात. २४ पानांतलं शीर्षकाचं पान गेलं, प्रकाशकाच्या माहितीचं गेलं, की गोष्टीला दहा-अकरा जोडपानंच, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. एवढ्यात अख्खी गोष्ट बसवायची. म्हणून मी साधे कागद दुमडून, पिन मारून खोटं पुस्तक करते, त्याला आम्ही डमी म्हणतो, आणि ते उलटून उलटून बघते. स्क्रीनवर छान वाटलेलं जोडपान डमीत बघितलं की मुख्य पात्राचा चेहरा नेमका मधल्या घडीत गेलेला दिसतो.

आणि एक गोष्ट मी फार मनापासून पाळते. मजकुरात "ती घाबरली" असं लिहिलंय तर मी घाबरलेला चेहरा काढत बसत नाही, तिने आजीच्या पदराचं टोक मुठीत कसं धरलंय ते काढते. घाबरल्याचं लेखकाने सांगितलंच आहे, मी वेगळं काहीतरी सांगायला हवं.

तुम्ही नुकतंच कासवांवरचं पुस्तक पूर्ण केलंत असं वाचलं. त्यासाठी अभ्यास काय केला? (रत्नागिरी)

तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे ती! मंडणगड तालुक्यातलं वेळास तुम्हाला माहीतच असेल, तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत निघून जाते. ती अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवतात, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, घरट्यावरची टोपली उचलली की खाली वाळूतून काळपट राखाडी पिल्लं वर येताना दिसतात. माझ्या पुस्तकाचं मधलं जोडपान ही टोपली उचलण्याचंच आहे.

आता अभ्यासाचं. नेटवर कासव शोधलं की हजार फोटो येतात, पण त्यातली पुष्कळ हिरवी समुद्री कासवं असतात आणि आपल्याला हवं असतं रिडले. फरक कुठे बघायचा, तर पाठीवर मधोमध जी मोठ्या खवल्यांची रांग असते तिच्या दोन्ही बाजूंना मोजायचं. हिरव्या कासवाला प्रत्येक बाजूला चार खवले, रिडलेला सहसा सहा किंवा जास्त, आणि डावी-उजवीकडची संख्या सारखी असेलच असंही नाही. म्हणजे मी एक बाजू काढून आरशासारखी उलटी चिकटवली असती तर ते चित्र खोटंच झालं असतं, त्यामुळे दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढल्या.

तसंच पावलांचं. हिरवं कासव पुढचे दोन्ही वल्ह्यांसारखे पाय एकदम टाकत सरकतं, त्यामुळे वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा दोन्हीकडे जुळणारा माग उठतो. रिडले एकाआड एक पाय टाकते, तिचा माग आलटून पालटून पडतो. पुस्तकात पहिल्या पानावर कासव दिसतच नाही, फक्त हा माग आहे पाण्यापासून वर गेलेला. तिथे माग चुकीचा काढला तर वेळासचं सात वर्षांचं पोर लगेच बोट ठेवेल, आणि त्या पोराने ठेवलेलं बोट मला कुठल्याही समीक्षेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

रेफरन्ससाठी मी फोटो बघते, पण समोर उभं राहून काढलेल्या स्केचची सर त्याला येत नाही. पिल्लं सोडतात तिथे फ्लॅश मारायचा नसतो, आणि मंद उजेडात स्केचबुक घेऊन बसलं की डोळा आपोआप आकार पकडायला लागतो, बारकावे गळून जातात, ते फार बरं असतं.

माझी चित्रं मोबाईलवर झकास दिसतात आणि छापून आली की मळकट. असं का होतं? (पुणे)

कारण मोबाईल उजेडातून रंग दाखवतो आणि छपाई चार शाईंतून, सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि काळा. झगझगीत निळा, पोपटी, फ्लुरोसंट गुलाबी असे काही रंग त्या चार शाईंतून निघतच नाहीत. त्यात आपल्याकडे मुलांची पुष्कळ स्वस्त पुस्तकं मॅपलिथो नावाच्या साध्या कागदावर छापतात, तो कागद शाई पितो, गुळगुळीत आर्ट पेपरसारखी ती वर राहत नाही, म्हणून गडद जागा अजून दाटतात.

कासवांच्या पुस्तकात जवळपास सगळी पानं रात्रीची, म्हणजे हाच प्रश्न पुस्तकभर होता. रात्रीचा निळा करताना सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारखे ठेवले तर तो छापताना जांभळ्याकडे जातो, म्हणून मी मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्के खाली ठेवते. आणि गडदपणा आणायला काळा ओतत नाही, कागदाचा पांढरा राखून ठेवते, लाटेच्या कडेला, टोपलीच्या एका काठावर. रात्र गडद दिसायला शेजारी काहीतरी खरोखर उजळ लागतं.

काम देताना एवढं बघा, फाईल ३०० डीपीआयची, चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे पान कापताना जाणारा जादा चित्राचा भाग, आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, ज्या कागदावर पुस्तक छापणार त्याच कागदावर मागा. ट्यूबलाईटखाली नाही, खिडकीशी उभं राहून बघा ते.

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ करताना वेगळा विचार असतो का? (डोंबिवली)

असतो तर! काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ मध्ये निघाला तिथपासूनची ही परंपरा, आणि दलाल, मुळगावकर यांची मुखपृष्ठं बघून चित्रकार व्हायचं ठरवलेली माणसं आमच्या धंद्यात कमी नाहीत, त्यामुळे हे काम आलं की मला आजही आतून आनंद होतो. या वर्षी मी पणत्या आणि रांगोळी दोन्ही टाळलं आणि चकलीचा सोऱ्या दाबणारे दोन हात काढले, एक म्हातारा, एक तरुण. संपादकांना चार रफ पाठवले होते, त्यांनी हाच उचलला. स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून मांडलेले असतात, बरेचदा वरची पट्टीच दिसते, म्हणून अंकाच्या नावाजवळच्या भागात चित्रातलं काहीतरी नजर ओढणारं हवंच, सगळी गंमत खाली ठेवून चालत नाही.

ताई, मी कॉलेजला आहे. महागडा टॅब घेतल्याशिवाय या लाईनमध्ये शिरता येत नाही का? (कोल्हापूर)

येतं गं, हप्त्यावर टॅब घेऊ नकोस. क्रिटा नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे, घरच्या कॉम्प्युटरला साधा पेन टॅब्लेट जोडला तरी भागतं. त्याआधी वही घे आणि एसटी स्टँडवर बस, माणसं पिशवी कशी धरतात, झोपलेल्या पोराला खांद्यावर कसं घेतात ते काढ.

क्लायंट आधी "दोन-तीन सॅम्पल पाठवा" म्हणतात आणि मग गायब होतात, पैसेही महिनोन् महिने अडकतात. शिवाय चित्राचे हक्क कुणाचे? (ठाणे)

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी पाठवलाय आणि माझं मत अगदी स्पष्ट आहे, रफ हेच खरं काम आहे, त्याचे पैसे वेगळे लावायचेच. विचार तिथेच होतो, रंग भरणं त्यानंतरचं. मी कामाचे तीन टप्पे करते, सुरू करताना ॲडव्हान्स, रफ मंजूर झाल्यावर दुसरा हप्ता, फायनल फाईल देताना बाकीचे. किती वेळा बदल करून देणार तेही मेलमध्ये लिहायचं. फुकट सॅम्पल मागितलं तर जुनी कामं दाखवा, नवीन काढू नका.

हक्कांचं नीट समजून घ्या. आपला कॉपीराईट कायदा १९५७ चा आहे. त्यात कुणी पैसे देऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल तर हक्कांचा पहिला मालक चित्रकार नाही, पैसे देऊन काम करवून घेणारा मानला जातो, म्हणजे गप्प राहिलात तर तुमचंच नुकसान होऊ शकतं. म्हणून काम घेतानाच लेखी घ्या की हक्क माझे, तुम्हाला अमुक पुस्तकासाठी, अमुक भाषेसाठी, इतक्या वर्षांसाठी वापराची परवानगी. हक्क द्यायचेच असतील तर तेही सही करूनच द्यावे लागतात आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क विकले तरी हे चित्र माझं आहे असं म्हणायचा अधिकार, म्हणजे नाव लावून मागण्याचा, कलम ५७ खाली आपल्याकडेच राहतो. पुस्तकावर चित्रकाराचं नाव नसणं मला चीड आणतं, खरंच.

पैशांसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, ऑनलाईन आहे, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर वर व्याज. बिलाच्या खाली उद्यम नंबर छापा, मग आठवणीच्या मेलला जरा वजन येतं.

एआयमुळे तुमचं काम जाईल असं वाटतं का? (बडोदा)

काही कामं गेलीत, ते लपवून काय उपयोग, छोट्या जाहिराती, सोशल मीडियाच्या पोस्ट वगैरे. पण एआयने काढलेली नऊवारी बघा, काष्टा मागे खोचायचा असतो हेच त्या चित्राला बरेचदा माहीत नसतं. उद्या तेही शिकेल कदाचित. माझी हरकत वेगळी आहे, आमची चित्रं न विचारता, पैसे न देता त्यात ओतली जातात. म्हणून करारात मी आता एक ओळ घालते की माझी चित्रं एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरायची नाहीत. तुम्हीही घाला.

मुलगी नववीत आहे, चित्रकार व्हायचं म्हणते. आम्ही काय करावं? (लातूर)

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा द्यायला लावा, दहावीला वाढीव गुण मिळतात आणि हात बसतो. बारावीनंतर उपयोजित कलेची पदवी करता येते, त्याला प्रवेश परीक्षा असते, मुंबईत सर ज. जी. आहे, पुण्यात अभिनव आहे, बाकी शहरांतही कॉलेजं आहेत. आणि ती काढते ती चित्रं "छान छान" म्हणून पटकन बाजूला ठेवू नका, यात हे असं का काढलंस ते तिला विचारा, तिचं उत्तर पूर्ण ऐका.