बडोद्यात कॉलेजच्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डेटा सायन्सची नोटबुकं रांगतात. फुकट, मुक्तस्रोत आणि वेगवान सेटअप कोणता?

यूव्हीने (uv, पायथनची पॅकेजं बसवणारं वेगवान साधन) प्रत्येक प्रोजेक्टचं वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे लायब्रऱ्यांचा स्वतंत्र संच, करा, त्यात नोटबुकं चालवणारं ज्युपिटरलॅब टाका आणि तक्त्यांचा डेटा हाताळायला पांडाज या नेहमीच्या लायब्ररीऐवजी तिच्याहून वेगवान पोलार्स वापरा. नुसता एडिटर बदलून फार फरक पडत नाही, कारण कोड चालवणारा कर्नल ही वेगळी प्रोसेस असते. गाडी अडते ती सहसा डेटा वाचताना. म्हणून सीएसव्ही एकदाच पार्केटमध्ये (डेटा कॉलमनुसार साठवणारा फाइलचा प्रकार) बदला आणि पोलार्सच्या ‘स्कॅन_पार्केट’ (scan_parquet) फंक्शनने उघडा: लागतील तेवढेच कॉलम वाचले जातात, प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लागतात. इथे विद्यार्थ्यांच्या जुन्या मशीनवर मी हेच बसवून देतो. फक्त, एखादी लायब्ररी पांडाजच मागत असेल तर आधी डेटा गाळा, मगच तो पोलार्समधून पांडाजमध्ये बदला. नाहीतर दोन्ही प्रतींनी रॅम भरते.