आवडत्या काल्पनिक मालिकेतली पात्रं कधी तुमच्या स्वप्नात आली आहेत का? असं का होतं?

हो, आली आहेत. एक स्वप्न तर इतकं लख्ख आठवतं की ते सांगितल्याशिवाय 'असं का होतं' याचं उत्तर मला देताच येणार नाही.

माझी आवडती मालिका 'चंद्रकांता'. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात तेव्हा टीव्ही मोजक्याच घरी. लाइन असली की त्या घरच्या सपरीत पाय ठेवायला जागा नसायची. आजीला हिंदी अर्धीच कळे, पण ऐयार पक्के कळायचे. ऐयार म्हणजे राजाचे हेर. वेश पालटून कोणाच्याही रूपात समोर येतील, बेशुद्ध करून गाठोड्यात बांधून नेतील. मालिकेतला खलनायक क्रूरसिंग, त्याच्या त्या झुपकेदार भुवया दिसल्या की आजी त्याला शिव्या घालायची. पुढं मी देवकीनंदन खत्रींची 1888 सालची मूळ कादंबरीही वाचली. तिच्यातल्या तिलिस्मात, म्हणजे जादूनं बांधलेल्या गुप्त जागेत, माणसाला गिळणारा दगडी बगळा आहे. तो माझ्या डोक्यातून कधी गेलाच नाही.

स्वप्न पडलं ते हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत. शेतीची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती. ओलित करून पहाटे घरी आलो आणि पाठ टेकताच झोप लागली.

स्वप्नात कापसाचा हंगाम होता. जिनिंगच्या फाटकाबाहेर बंड्यांची रांग, आणि वजनकाट्यावर क्रूरसिंग. तो मालिकेतल्यासारखा 'यक्कू' म्हणाला की पुढच्या बंडीतला कापूस आपोआप कमी व्हायचा आणि कोणी काही बोलत नव्हतं. माझ्या पुढं मालिकेतला ऐयार तेजसिंग उभा, डोक्याला दुपट्टा, अडत्याच्या वेशात. मी त्याला लगेच ओळखलं. त्यानं डोळ्यानं खुणावलं, मी बंडी तिथंच सोडली आणि थेट आमच्या वावरात पोचलो. विहिरीच्या काठावर, मोटारीच्या पेटीशेजारी तो काळा बगळा. बैलाएवढा उंच. चोच उघडी आणि आत पायऱ्या.

खाली आजी बसली होती. ती जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. कमरेला कापूस वेचायची ओटी, बोटांवर बोंडांचे ओरखडे. "काऊन पाहून राह्यला असा? जेवला नाई का अजून?" आवाज तिचाच. आणि मला धडकी भरली. वाटलं, ही आजी नाही, कोणी ऐयार आहे! मी तिला ओळखीची खूण विचारली. ती काही बोलली नाही. फडक्यातून ज्वारीची भाकर काढली, वरचा पापुद्रा अलगद सोलला, त्यावर तिखट-मीठ भुरभुरलं, तेलाची धार सोडली आणि गुंडाळी करून माझ्या हातात दिली. घरात इतकी नातवंडं, पण पापुद्रा नेहमी मलाच मिळायचा. मी रडायला लागलो आणि जागा झालो.

आईला सांगितलं, तर तिनं बगळ्याचं की क्रूरसिंगाचं काहीच विचारलं नाही. "मांगलं का तिनं काही?" एवढंच. गेलेलं माणूस स्वप्नात मागतं की देतं, हे आमच्याकडं आधी पाहतात. दिलं तर चांगलं मानतात.

आता 'का'. बंद पापण्यांखाली बुबुळं झरझर फिरतात तो झोपेचा टप्पा शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी 1953 मध्ये जगासमोर मांडला. त्याला रेम झोप म्हणतात. गोष्टीसारखी लांबलचक, ठसठशीत स्वप्नं जास्त करून याच झोपेत पडतात. एरवी रात्रभर साधारण दर 90 मिनिटांनी हा टप्पा येतो आणि पहाटेकडं लांबत जातो. त्या वेळी मेंदूतले भावनांचे भाग जोरात चालतात आणि कपाळामागचा, खरं-खोटं तपासणारा भाग मंदावलेला असतो. क्रूरसिंग काट्यावर कसा, हे मला खटकलं नाही ते यामुळे.

मग आजीवरच शंका का आली? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. ती शंका तर्कातून आलेली नव्हती, ती भीती होती, आणि लहानपणी त्या मालिकेनंच ती मनात भरवली होती, की समोरच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. आवडती गोष्ट आपण इतक्या वेळा मनात घोळवतो की पात्रांबरोबर तिचे नियमही आत मुरतात. झोपेत मेंदू ते नियम आपल्याच माणसांना लावून पाहतो, निदान माझ्या बाबतीत तरी तसंच झालं. आणि भाकरीचा पापुद्रा कोणाला द्यायचा हे कोणत्याही ऐयाराला ठाऊक असणं शक्य नव्हतं.

तुम्हालाही असं स्वप्न पडलं तर जाग आल्याबरोबर, मोबाईल पाहायच्या आधी लिहून ठेवा. चहा होईस्तोवर अर्धं निसटतं. मालिकेतलं कोण आलं ते नंतर लिहिलं तरी चालेल. ते कोणाच्या घरात आलं आणि तिथं तुमचं कोण होतं, ते आधी लिहा.