पुढे पाठवण्यापूर्वी
प्रश्न : संतापजनक चित्रफीत दिसताच, शहानिशा न करता मी ती पुढे पाठवतो. हा उतावळेपणा कसा आवरावा?

उत्तर : समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतील सातवा नियम सांगतो की अपुऱ्या, विशेषतः रडारवरील अपुऱ्या माहितीवरून अनुमान काढू नये, म्हणूनच जवळ येणारे जहाज आपल्या जहाजावरून ज्या दिशेला दिसते, ती दिशा होकायंत्रावर पुन्हा पुन्हा पाहिली जाते आणि ती बदलत नसेल, तर टकरीचा धोका आहे असे धरले जाते. आपणही चित्रफितीचे मूळ, तारीख व ठिकाण स्वतंत्र स्रोताशी ताडून पाहावे. तीच फीत दहा गटांतून आली, म्हणून दहा पुरावे होत नाहीत. एक फरक मात्र आहे : जहाजावर शंका असली तरी धोका गृहीत धरावा लागतो, चित्रफितीच्या बाबतीत तशी निकड क्वचितच असते.