घरामागं गोड चेरी लावायची? आधी थंडीचा हिशेब बघा

नमस्कार मंडळी, या आठवड्यात चेरीबद्दल तीन प्रश्न आलेत. खानापूरच्या एका काकांनी ऑनलाइन मागवून गोड चेरीचं रोप लावलंय, ते छातीएवढं झालं पण फूल काही दिसंना. निपाणीच्या ताईंनी बाजारातल्या काश्मिरी चेरीच्या बिया कुंडीत टाकल्या, एक पण उगवली नाही. आणि अथणीचा एक पोरगा विचारतोय, झाडाच्या बुडात रोज बर्फ टाकला तर चेरी येईल काय सर?

तिघांची अडचण एकच, थंडी. आपल्या बेळगावकडं पुरेशी थंडी पडत नाही.

गोड चेरी हे बर्फाळ मुलखातलं झाड, आपल्या देशात काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या डोंगराळ भागात होतं. काश्मीरची मिश्री, मखमली, डबल ही नावं तुम्ही फळवाल्याकडं ऐकली असतील. हे झाड हिवाळ्यात पानं झाडून झोपतं आणि ७ डिग्रीच्या खालची थंडी तासातासानं मोजतं, बहुतेक जातींना असे ७०० ते १२०० तास लागतात, ते भरले की मगच कळी जागी होते. आता आपलं बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, डिसेंबर-जानेवारीत पहाटेला १२ ते १५ डिग्री, एखादी रात्र त्याच्या खाली गेली तरी दुपारी परत २८-३० वर चढतंच, त्यामुळं हिशेबात जमा काहीच होत नाही. कमी थंडीच्या म्हणून मिन्नी रॉयल आणि रॉयल ली अशा जाती परदेशात निघाल्यात, पण त्यांना पण काहीशे तास पाहिजेत आणि दोन्ही शेजारी शेजारी असल्याशिवाय फळ धरत नाहीत.

म्हणून बर्फाचा उपयोग नाही रे बाळा. थंडी कळीला लागते, मुळाला नाही, आणि कळ्या वर फांदीवर उन्हात असतात. बुडात बर्फ टाकून माती चिखल होईल आणि मूळ कुजेल तेवढंच. ताई, तुमच्या बियांना पण ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये तीनेक महिने ठेवावं लागतं तेव्हा त्या उगवतात, पण तसं करून रोप आलं तरी मूळ झाडासारखं फळ येईल याची खात्री नाही आणि आपल्या हवेत तर फळच येणार नाही, मग एवढा खटाटोप कशाला.

खानापूरच्या काकांनी मात्र आधी पान नीट बघा. खऱ्या गोड चेरीच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते आणि पानाचा देठ जिथं पात्याला मिळतो तिथं दोन बारीक लालसर गाठी असतात. पानाची कड साधी आणि पानं समोरासमोर जोडीनं असतील तर ती बहुतेक बार्बाडोस चेरी, म्हणजे थंडी न लागणारं वेगळंच झुडूप असणार, आणि तसं असेल तर काका तुमचं नशीब चांगलं. जर ते खरंच गोड चेरी निघालं तर एक लक्षात ठेवा, छाटलेल्या फांद्या गोठ्याकडं टाकू नका. कोमेजलेल्या पानात सायनाइड तयार होतं, शेळी-गायीनं खाल्लं तर जिवावर बेततं, हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडं घरामागं झाड आणि दहा पावलांवर गोठा असतोच.

मग लावायचं काय? माझा सल्ला सरळ आहे, बार्बाडोस चेरी लावा. तिला थंडी लागत नाही, झुडूप सात-आठ फुटाचं, गुटी कलमाचं (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं) रोप घेतलं तर साधारण दोन-तीन वर्षांत फळ, आणि फुलापासून पिकायला जेमतेम तीन-चार आठवडे. फूल फिकट गुलाबी, पाकळ्यांची कड झालरीसारखी. फळ लालभडक, तीन फुगीर फाकींचं, आत तीन कोरदार बिया. चव आंबटगोड आहे, काश्मिरी चेरीची गोडी यात शोधू नका, पण व्हिटॅमिन सी इतकं की १०० ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅमच्या वर जातं, संत्र्यात ५० च्या आसपास असतं.

जागा दिवसभर उन्हाची बघा. खड्डा दोन बाय दोन फूट, त्यात कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. पेंड विसरू नका, कारण या झाडाची मुळं वरवर असतात आणि सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारी बारीक अळी, पटकन लागते, झाड खुरटलं आणि मुळावर गाठी दिसल्या की तीच. बुडाभोवती झेंडू लावला तर मदत होते. खानापूरकडं जुलैचा मुसळधार पाऊस रोपाला झेपत नाही, तिथं पाऊस ओसरल्यावर लावा आणि मातीचा उंचवटा करून लावा. अथणी, रायबागकडं काळी जमीन, पाणी साठतं, तिथं पण उंचवटाच, आणि कृष्णाकाठची जमीन चोपण (क्षार साठून कडक) झाली असेल तर जमिनीचा नाद सोडून सरळ १८ इंची कुंडीत लावा.

फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर संपला की शेंडे हलके खुडा, खोल छाटणी नको. उन्हाळ्यात आठवडाभर पाणी तोडून मग भरपूर दिलं की झाड फुलावर येतं. पण फुलात असताना पाणी कमी पडलं तर सगळी गळ होते, तिथं हयगय नको. पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, नाही गेला तर निंबोळी तेल लिटरला ५ मिली, साबणाचे थेंब टाकून संध्याकाळी मारा. फुलावर मधमाशा असतात तेव्हा औषध अजिबात नाही. फळं एक दिवसाआड तोडा, घरात दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाहीत, सरबत करा नाहीतर फ्रीझरला टाका.

कुंपणाला काय लावू असं पण ताईंनी विचारलंय. करवंद लावा की, आपल्या खानापूरच्या रानातलंच झाड आहे, बेकरीत केकवर जी लाल चेरी दिसते ती बऱ्याचदा करवंदाचीच असते. मे-जूनमधल्या पिकल्या फळाचं ताजं बी लगेच पेरा, सुकलं की उगवण घटते.

रोप घेताना फोटोवर जाऊ नका. नर्सरीत फळ धरलेला मातृवृक्ष, म्हणजे ज्यापासून रोप केलं ते झाड, दाखवा म्हणा. आरभावीच्या बागायती कॉलेजात चौकशी करता येईल, आणि रोप ओळखता येत नसेल तर देठासकट एक फांदी घेऊन जवळच्या रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात) या, नुसतं सुटं पान आणू नका, पानं जोडीनं आहेत की एकेक ते त्यावरनं कळत नाही.