पिकअपवरचा कॅम्पर (मागच्या हौद्यात बसवलेली राहण्याची खोली) नागपूरच्या उन्हात उभा असतो, छत एका कोपऱ्यात गळतंय. पावसाआधी काय करावं, आणि एसी बसवावा का?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं छत, आतल्या प्लायला एका कोपऱ्यात ओला डाग, आणि एसी व लिथियम बॅटरीसाठी बाजूला काढलेले पैसे. आधी छत करा. एसीचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या.

छताचा खरा शत्रू पाऊस नाही, ऊन आहे. पहाटे २५ अंशांवर असलेला पत्रा मे महिन्यातल्या दुपारी ७० अंशांपर्यंत तापतो. ३ मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा तेवढ्यात साधारण ३ मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आकसतो. हे रोज चालतं. म्हणून सांध्यात एम-सील किंवा अराल्डाइट भरलं की एका उन्हाळ्यात केसाएवढी चीर पडते, आणि मृगाच्या पहिल्या सरीला पाणी आत. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉनही नको. ते धातूला खातं, आणि एकदा लागलं की त्यावर दुसरं काहीच नीट चिकटत नाही. कोणी आधीच लावून ठेवलं असेल तर खरवडून पूर्ण काढावं लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

डाग दिसतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी आतल्या फ्रेमवरून दोन-तीन फूट सरकून मग टपकतं. पाण्याचा पाइप घ्या, जोर कमी ठेवा आणि खालून वर जा: आधी खिडकी, मग कोपऱ्याची पट्टी, मग छताची कड, शेवटी व्हेंट. प्रत्येक जागी १० मिनिटं. आत एकजण टॉर्च घेऊन बसलेला हवा. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि कुठून आलं ते कळत नाही. प्लाय अंगठ्याने दाबून पाहा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून ऐका. बद्द आवाज आला किंवा अंगठा रुतला तर तो तुकडा कापून बदलायचा. कुजलेल्या लाकडात स्क्रू धरत नाही, मग वरून कितीही सीलंट लावा.

गळकी पट्टी सापडली की स्क्रू काढून ती पूर्ण उतरवा. जुना माल प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी पात्याने पत्र्यावर ओरखडे पडतात. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पट्टीच्या मागे २० मिलिमीटर रुंदीची ब्यूटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा, पट्टी बसवा, स्क्रू हातानेच आवळा. ढिल्या झालेल्या भोकात एका नंबरने जाड स्क्रू घाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा फेरा आवळा, कारण ब्यूटिल हळूहळू दबून बाहेर येतं. ते कापून टाका आणि कडेने पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची सलग रेघ ओढा. हे काम सकाळी आठच्या आत उरका. तापलेल्या पत्र्यावर सीलंटला बुडबुडे येतात. शिवाय पीयू हवेतल्या ओलाव्याने पिकतं, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, आपल्याकडे ओलावा असतोच कुठे? त्यामुळे डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन-तीन दिवस जास्त धरा आणि सगळं मे संपण्याआधी आटपा. त्यानंतर गच्चीला मारतात तो पांढरा लवचीक रंग धातूच्या प्रायमरवर मारला तर पत्रा बराच कमी तापेल.

आता एसी. १२.८ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम बॅटरी म्हणजे १२८० वॉट-तास. ७०० वॉट खाणारा छोटा एसी इन्व्हर्टरवर चालवला तर दीड तासात खेळ खलास. बारा व्होल्टचा ५० वॉटचा कूलर दहा तास चालवला तर ५०० वॉट-तास लागतात. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते तेव्हा कूलर खरंच काम करतो. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. अट एकच: कूलरच्या विरुद्ध बाजूची खिडकी किंवा छताचा व्हेंट उघडा हवा, नाहीतर अर्ध्या तासात आत दमट कोंडवाडा होतो. वुडवूलची ताटी गाडीच्या हादऱ्यांनी खाली बसते, वर फट पडते आणि गरम हवा सरळ आत येते. म्हणून हनीकोम पॅड घ्या. निघण्याआधी टाकी रिकामी करा. जूनमध्ये पाऊस लागला की कूलर निरुपयोगी. तेव्हा एक चांगला पंखा पुरतो.

लिथियम घ्या, पण बंद कॅम्परमध्ये दुपारी ती कुठे बसणार ते आधी ठरवा. बहुतेक बॅटऱ्यांची चार्जिंगची कमाल मर्यादा ४५ ते ६० अंशांच्या दरम्यान असते, आणि ती ओलांडली की बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) चार्जिंग तोडतं. जमिनीलगत, सीटखाली, हवा खेळेल अशी जागा निवडा. ती गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिनावर चालणाऱ्या जनित्राला) थेट जोडू नका. लिथियम हवा तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर जळू शकतो. मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवा, तो करंटला मर्यादा घालतो. गाडीच्या बॅटरीपासून मागच्या लिथियमपर्यंत ६ मीटर अंतर असेल तर १६ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर घ्या; त्यात ०.४ व्होल्टच पडतं. ६ स्क्वेअर एमएममध्ये एक व्होल्टच्या वर जातं आणि वायर तापते ती वेगळीच. दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलजवळ, वीतभर अंतराच्या आत, ५० अँपिअरचा डीसी फ्यूज लावा. घरातल्या विजेची (अल्टरनेटिंग करंटची) एमसीबी इथे लावू नका, डीसीची ठिणगी ती खात्रीने तोडू शकत नाही. सोलर पॅनल छताला चिकटवू नका, खाली दीड-दोन इंच हवा राहू द्या. पॅनल ७० अंशांवर गेलं की सुमारे १५ टक्के वीज तशीच जाते.

गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला बाहेर उघडणारी जाळी तळाशी हवी. गॅसची सुरक्षा ट्यूब (रबरी नळी) पाच वर्षांनी बदला, सांधे साबणाच्या पाण्याने तपासा.

पाण्याची टाकी महिनाभर पडून असेल तर ६० लिटरला ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ६० मिली टाका. सगळे नळ सोडून वास येईपर्यंत पाणी खेळवा, चार तास ठेवा, मग दोनदा खळाळून काढा. पंप थांबतच नसेल तर पंपाला दोष देण्याआधी गाळणीची रबरी रिंग बघा. तिथून हवा ओढली जाते.

शेवटी वजन. टाकी भरून, गॅस आणि माणसांसकट धर्मकाट्यावर उभं करा. आकडा आरसी बुकातल्या एकूण वजनाच्या आत हवा, आणि मागच्या एक्सलचं वजन वेगळं घ्या. कॅम्परखाली ८-१० मिलिमीटरची रबरी मॅट टाका, कॅम्पर पिकअपला बांधणारे चारही टर्नबकल (फिरवून ताणायचे आकडे) आवळा. ताडोब्याच्या रस्त्याला लागलात की पहिल्या ५० किलोमीटरवर थांबून ते पुन्हा आवळा. नवीन मॅट दबते आणि टर्नबकल ढिले पडतात.