ब्रश कटरच्या (गवत कापायच्या इंजिनवाल्या यंत्राच्या) स्पार्क प्लगच्या भोकातले आटे गेले, एपॉक्सी भरून चालेल का?

नाही. ज्वलनाच्या उष्णतेत आणि दाबात एपॉक्सी टिकत नाही. प्लग उडून कुणाला लागेल. हेलिकॉइल बसवा, म्हणजे भोकात नवे आटे पाडून त्यात बसवायची तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी. बहुतेक टू-स्ट्रोक कटरना १४ मिमी व्यासाचा, १.२५ मिमी अंतराच्या आट्यांचा प्लग असतो, तरी तुमचा मोजून घ्या.

सिलिंडर आणि हेड बहुधा एकाच ओतकामाचे असतात, म्हणून बोल्ट काढून सिलिंडर उतरवाच. जागेवरच टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवला तर ॲल्युमिनियमचा चुरा आत पडतो आणि पिस्टनवर चरे येतात. टॅप सरळ धरा, थोडा फिरवून मागे घ्या. हेलिकॉइल सिलिंडरच्या आत डोकावता कामा नये, ते टोक तापून लाल होते. नवा प्लग हाताने पूर्ण बसवून मग पान्याने फक्त अर्धा फेरा.

टॅप तिरका जाईल अशी धास्ती असेल, तर लेथवाल्याकडे द्या.